भाष्यकार काय म्हणतात

तो सेट आपल्या घरात येऊ नये असं पाळकीणबाईंना अगदी मनापासून वाटत होतं, आणि नेमका तो त्यांच्याच घरी येऊन बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला. शेजारच्या मंडळीच्या धाकट्या पाळकांनी खांद्यावरच्या बॅगेतून लॅपटॉप काढला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि पाळकसाहेबांच्या टेबलाशेजारी जी खुर्ची रिकामी दिसली तिच्यावर ठेवून दिला. ती खुर्ची बाईंची होती.

झालं होतं असं, की आसपासच्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांनी मिळून ग्रंथालयासाठी थोडा निधी जमवला होता. कुणाला त्यातून कपाटं घ्यायची होती, कुणाला पुस्तकं, आणि एकमत होईना म्हणून तो निधी कित्येक दिवस तसाच पडून होता. त्याचा वास कसा कोण जाणे एका एजंटाला लागला. तो एक दिवस त्यांच्या सभेत आला आणि त्याने सांगितलं, की उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत संपूर्ण बायबलवरची भाष्यं, जुनी म्हणू नका, नवी म्हणू नका, सगळी एका डिजिटल सेटमध्ये मिळतील. शब्द टाकला की उतारा हजर. शिवाय डोळ्यांना त्रास नको असेल तर यंत्र स्वतःच वाचून दाखवतं. मग त्याने किंमत सांगितली आणि सगळ्यांचे चहाचे कप हातातल्या हातात राहिले. निधी झाडून पुसून गेला असता.

अशा वेळी पाळक लोक जे करतात तेच त्यांनी केलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या गळ्यात ते काम घातलं. पाळकसाहेबांनी दोन आठवडे सेट फुकट वापरून पाहावा आणि किमतीला उतरतो की नाही ते पुढच्या सभेत सांगावं. त्यांचा शब्द तो सगळ्यांचा शब्द. पाळकसाहेबांचा अभ्यास दांडगा होता आणि त्यांच्या उपदेशांचा तर इतका बोलबाला होता, की बाकीचे पाळक त्यातले तुकडे उचलून आपापल्या मंडळीत बेलाशक खपवत. पाळकसाहेबांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

अडचण एवढीच की पाळकसाहेबांना वाचता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडले होते. दाराची चौकट दिसायची, दारात उभा माणूस दिसायचा नाही. पानाच्या चारी कडा दिसायच्या, मजकूर तेवढा गायब. तेव्हापासून रोज दुपारी बाई त्या खुर्चीवर बसून त्यांना भाष्य वाचून दाखवत. गुरूंनी जाताना दिलेले जाडजूड खंड होते, पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेले. लिहिणारा कधीच देवाघरी गेलेला. त्याला घरात दोघंही आदराने भाष्यकार म्हणत, एखाद्या कडक मामेसासऱ्याबद्दल बोलावं तसं.

“बघ गं, भाष्यकार काय म्हणतात?” पाळकसाहेब विचारत. दुपारची सुरुवात याच प्रश्नाने व्हायची.

आणि घोळ तिथेच होता. भाष्यकारांचं एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. सुरुवात कुठे झाली ते शेवटाला पोचेपर्यंत विसरायला व्हायचं. पाळकसाहेबच म्हणाले होते, “सगळं नको वाचूस, सार सांग.” बाईंनी शाळेत बरीच वर्षं भूगोल शिकवलेला, सार सांगण्यात त्यांचा हातखंडा. त्या वाचत, मान हलवत आणि चार सोप्या वाक्यांत सांगून मोकळ्या होत.

एका दुपारी मार्था आणि मरीयेचा उतारा निघाला. येशू घरी येतो, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था कामात बुडून गेलेली असते आणि बहीण मदत करत नाही म्हणून चिडते. येशू तिला समजावतो, तेव्हा तिचं नाव दोनदा घेतो. भाष्यकारांनी मार्थेला चांगली दोन पानं झापलं होतं. तेव्हा बाईंनी गॅसवर बटाटे उकडायला ठेवले होते, शेजारच्या दोघीजणी पाळकसाहेबांना भेटायला येऊन बसल्या होत्या, चहा व्हायचा होता, आणि मध्येच बोलावून हे ऐकवायला बसवलं होतं. बाईंचं डोकं तापलेलं होतं.

“काय म्हणतात?” पाळकसाहेबांनी विचारलं. “दोनदा नाव का घेतलं?”

“भाष्यकार म्हणतात,” बाई म्हणाल्या, पुस्तकातून मान वर न करता, “की स्वयंपाकघरातल्या बाईला हाक दोनदा मारावीच लागते. पहिली भांड्यांच्या आवाजात जाते. येशूला ते माहीत होतं. म्हणून तो रागावला नाही, त्याने दुसरी हाक मारली.”

पाळकसाहेबांनी ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, “वा! काय माणूस होता गं हा!”

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण बटाटे फुटत होते, बाई उठल्या आणि राहिलं ते राहिलंच. रविवारी पाळकसाहेबांनी ते व्यासपीठावरून सांगितलं आणि मागच्या बाकांवरच्या बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या. बाईही तिथेच बसल्या होत्या. आपलं वाक्य आपल्या नवऱ्याच्या भारदस्त आवाजात सगळी मंडळी ऐकते आहे, याचं त्यांना इतकं सुख झालं की त्यांनी दुसऱ्यांदा तसंच केलं. मग तिसऱ्यांदा. पुढे पुढे मोजणं सोडून दिलं. खोटेपणा म्हणावा तर होता. पण त्या सुखाला त्या इतक्या सोकावल्या होत्या की खोटेपणाकडे लक्ष द्यायला त्यांना सवड झाली नाही.

आता खुर्चीवर यंत्र बसलं होतं, आणि यंत्राला बटाटे उकडायचे नव्हते.

पहिले काही दिवस बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. झाडता झाडता त्या दाराशी थबकायच्या. आतून एक गुळगुळीत आवाज अखंड वाचत असायचा, ना खोकला ना उसासा. आपले भाष्यकारही त्या सेटमध्ये आहेत, सगळेच्या सगळे खंड, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. पाळकसाहेब मात्र लहान मुलासारखे खूश होते. यंत्राला थांब म्हणायचे, मागे जा म्हणायचे, आणि ते ऐकायचं. बाईंना इतक्या वर्षांत कुणी मागे जा म्हटलेलं खपलं नव्हतं.

“महाग आहे हो फार,” बाईंनी एकदा जेवताना खडा टाकून पाहिला. “त्यापेक्षा कपाटं बरी.”

“कपाटं काय वाचून दाखवणार आहेत?” पाळकसाहेब म्हणाले. “आणि तुझाही त्रास वाचेल. दुपारी जरा पडत जा.”

बाईंना पडायचं नव्हतं. पण ते सांगता येईना, आणि वरण वाढायच्या निमित्ताने त्या उठून गेल्या.

मग एका सकाळी यंत्राचा आवाज मध्येच बंद झाला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद. बाईंनी ओळखलं. लूकचा दहावा अध्याय, मार्थेचा. त्या हातातलं काम टाकून दाराशी आल्या.

पाळकसाहेबांनी धाकट्या पाळकांना फोन करून बोलावून घेतलं. ते बिचारे बॅग घेऊन धावत आले, यंत्रासमोर गुडघे टेकून बसले आणि शोधू लागले. ‘हाक’ टाकून पाहिलं. ‘स्वयंपाकघर’ टाकून पाहिलं. ‘भांडी’ टाकल्यावर मंदिरातल्या सोन्याच्या भांड्यांवर ढीगभर मजकूर निघाला.

“नाहीये, साहेब,” धाकटे पाळक म्हणाले. “मार्थेवर यांनी लिहिलेलं सगळं पाहिलं. दोन हाकांचं कुठेच नाही.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता विचारतील, असं त्यांना वाटलं. बरं झालं, एकदाचं संपेल, असंही वाटलं.

पण पाळकसाहेबांच्या मनात बायकोबद्दल शंका येणं म्हणजे सूर्याबद्दल शंका येण्यासारखं होतं. त्यांनी टेबलावर थाप मारली. “मला वाटलंच! कात्री लावलीय! अहो, हे लोक कागदावरचं सगळं घालतात कुठे? मोठमोठे शब्द ठेवायचे आणि मर्म तेवढं गाळायचं. आणि वर एवढी किंमत!” त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. “सभेत मी याची सालं काढतो. नुसतं बोलून नाही, पुरावा देऊन. आपला जुना खंड नेऊ आणि सगळ्यांसमोर तो उतारा वाचून दाखवू.”

“कोण वाचणार?” धाकट्या पाळकांनी विचारलं.

“कोण म्हणजे? ही वाचेल!”

आता पाहा गंमत. बाईंना सेट नको होता, आणि सेट जाणार होता. त्यांच्या मनासारखंच होत होतं. तरी त्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरेना. तो एजंट बोलघेवडा होता खरा, पण त्याने कात्री लावली नव्हती. आणि नवरा चार लोकांत उभा राहून छातीठोकपणे जे सांगणार होता ते साफ चूक होतं. त्याचं हसं झालं असतं, आणि ते बाईंमुळे झालं असतं. इतकी वर्षं ज्या माणसाने व्यासपीठावरून एक वाक्य तपासल्याशिवाय उच्चारलं नाही त्याचं.

सांगायचं त्यांनी रोज ठरवलं. सकाळी चहा देताना शब्द ओठांवर यायचे, आणि साखर हवी का एवढंच तोंडातून निघायचं. संध्याकाळी फिरायला जाताना पाळकसाहेब त्यांचा कोपर धरून चालत. रस्त्याच्या कडेच्या दुकानांच्या पाट्या, वळणावरचा खड्डा, समोरून येणारी सायकल, सगळं त्या सांगत जायच्या आणि पाळकसाहेब निर्धास्त पाय टाकायचे. खड्डा आहे म्हटलं की आहे. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी पाळकसाहेब न्हाव्याकडे गेले होते. बाईंनी तो खंड फळीवरून काढला आणि ते पान उघडलं. कागद पिवळा पडून कडक झाला होता. वरच्या कोपऱ्यात कसरीने खाल्लेली बारीक नक्षी होती. थोडा जोर लावला असता तर पान सहज निघून आलं असतं. कसर लागली, पान गळलं, वाचायला काही उरलंच नाही. कोणी शंका घेतली नसती. बाईंनी कोपरा चिमटीत धरला. आणि मग त्यांना आपलाच इतका संताप आला की पुस्तक धाडकन मिटून त्या बागेत जाऊन उभ्या राहिल्या. तिथे तण उपटायचं होतं, ते त्यांनी इतकं उपटलं की त्यात बरी रोपंही गेली.

सभा एका मंडळीच्या मागच्या खोलीत होती. लांब टेबल, घडीच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेले जुने बाक. एजंट नवा कोट घालून आला होता आणि प्रत्येकाशी हात मिळवत होता. पाळकसाहेब उठून उभे राहिले तेव्हा कुजबुज थांबली.

ते चांगलं बोलले, हेच तर दुःख होतं. आधी सेटची स्तुती केली, शोधायची सोय, आवाजाची सोय. मग आवाज चढवत म्हणाले, “पण बंधूंनो, अंधाला वाट दाखवणाऱ्याने वाटेतला दगड लपवला तर त्याला काय म्हणावं?” आणि मार्थेचा किस्सा काढला. दोन हाकांचं भाष्य सगळ्यांना तोंडपाठ होतं. माना डोलू लागल्या. ते सेटमध्ये नाही म्हटल्यावर माना थांबल्या आणि सगळे एजंटाकडे पाहू लागले.

“अहो साहेब, शपथेवर सांगतो,” एजंट गडबडला, “एक ओळ गाळलेली नाही. पानापानाशी ताडून पाहिलंय आमच्या लोकांनी. मी तुमचं काय घोडं मारलंय?”

“ताडून आत्ताच पाहू,” पाळकसाहेब म्हणाले. “वाच गं.”

बाई उभ्या राहिल्या. खंड जड होता, तो टेबलावर ठेवूनच उघडावा लागला. खोलीत ते पान फक्त त्यांनाच दिसत होतं. धाकटे पाळक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते, बाकीचे त्याहून लांब. वाचता वाचता चार वाक्यं जास्तीची घातली असती तर कोणाला कळणार होतं? इतकी वर्षं कोणाला कळलं होतं? नवऱ्याची मान राहिली असती, एजंट गेला असता, खुर्ची परत मिळाली असती. जीभ सवयीने तयारही होती.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. छापलेलं, जसंच्या तसं, अर्ध्या अर्ध्या पानाची ती वाक्यं, कुठेही सोपी न करता. मार्थेची चंचलता. मार्थेचा ऐहिक गोष्टींकडे ओढा. एका पाळकाने जांभई दाबली. बाई पान उलटून शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“पुढे?” पाळकसाहेब म्हणाले.

“पुढे चांगल्या शोमरोन्याची गोष्ट... नाही, ती आधीच झाली, पुढे प्रार्थनेचा अध्याय लागतो.”

“आणि दोन हाका?”

“यात नाहीत.”

“मग दुसऱ्या खंडात असेल. कुठल्या?”

“बाई,” धाकटे पाळक हळूच म्हणाले, “जुन्या आवृत्तीत असेल का? कधी कधी आवृत्ती बदलली की...” त्यांना कळलं होतं. त्यांनी चांगल्या मनाने दोर टाकला होता आणि बाईंनी तो धरावा म्हणून डोळ्यांनी विनवत होते.

“नाही,” बाई म्हणाल्या. “कुठल्याच आवृत्तीत नाही. ते भाष्यकारांचं नव्हे. ते मी सांगितलं होतं.”

शब्द सगळ्यांपर्यंत पोचले. एजंटाने कोटाची बटणं सोडली. पाळकसाहेबांनी टेबलाची कड चाचपली आणि धरून ठेवली.

“अजून काय काय?” त्यांनी विचारलं.

“घरी सांगते ना.”

“मी ते घरी नाही, व्यासपीठावरून बोललो. इथेच सांग.”

बाईंनी सांगितलं. दुसरं करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. जळत्या गावातून पळताना लोटाच्या बायकोने मागे वळून पाहिलं ते चूल विझवली की नाही या धास्तीने. येशूचा शिष्य पेत्र, त्याची सासू ताप उतरल्या उतरल्या उठून कामाला लागली, कारण आपल्या स्वयंपाकघरात परक्यांचे हात फिरताना पाहून कुठली बाई अंथरुणात पडून राहील? जलप्रलयात नोहाच्या बायकोला तारवात सर्वांत जास्त काय नडलं असेल, तर दार बाहेरून बंद होतं हे.

“अहो, ते लोटाच्या बायकोचं मी दोन ठिकाणी सांगितलंय,” कोपऱ्यातले एक जाडे पाळक घाबरून म्हणाले. “भाष्यकारांचं नाव घेऊन!”

“सासूचं मी छापलंय,” दुसरे म्हणाले. “मंडळीच्या पत्रकात.”

कोणीतरी फस्सकन हसलं. मग दोघेतिघे हसले. बाईंनाही क्षणभर वाटलं की निभावलं. पण पाळकसाहेब हसत नव्हते. ते उभेच होते, आणि त्यांचं तोंड बाईंच्या दिशेलाही नव्हतं, थोडं बाजूला होतं, कडेने पाहायचं झालं की ते करत तसं.

“सेट घ्या,” ते म्हणाले. “किंमत वाजवी आहे. जे छापलंय तेच वाचतो.”

आणि खाली बसले.

घरी जाताना त्यांनी बाईंचा कोपर धरला, कारण धरल्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण बोटांच्या टोकांनी धरला. बाईंनी खड्डा आला तेव्हा खड्डा म्हटलं. पाळकसाहेबांनी पाय पुढे करून तो आधी चाचपून पाहिला. बाईंना त्या वेळी जे वाटलं तसं सभेतही वाटलं नव्हतं.

मग यंत्र कायमचं खुर्चीवर आलं. सकाळ-दुपार त्याचा आवाज चालू. बाईंनी चहा नेऊन ठेवावा, पाळकसाहेबांनी “ठेव” म्हणावं, एवढाच संवाद. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांचं भांडण नेहमी जोरात व्हायचं आणि लवकर मिटायचं. हे नुसतं कुजत होतं. बाई उगीच कपाट लावायला काढत, अर्धवट ठेवून खिडकीशी जात, तिथून अंगणात, अंगणातून परत. दुपारची वेळ तर खायला उठायची. नवऱ्याला दुखावल्याचं वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर ती घटका गेल्याचं दुःख त्याहून मोठं होतं. आणि ते मोठं आहे याचीही त्यांना लाज वाटत होती.

रविवारी पाळकसाहेब व्यासपीठावर चढले आणि उपदेशाला सुरुवात करायच्या आधी म्हणाले, “काही गोष्टी मी तुम्हांला भाष्यकारांच्या म्हणून सांगत आलो. दोन हाकांची, चुलीची, सासूची. त्या त्यांच्या नव्हत्या. त्या माझ्या घरातल्या होत्या. चूक झाली, ती दुरुस्त करतो.” एवढंच. राग आहे की क्षमा, आवाजावरून काही कळायला मार्ग नव्हता. नंतरचा उपदेश सगळा सेटमधला होता. अचूक होता आणि लांब होता. मागच्या बाकावरच्या बाया आधी वळून वळून बाईंकडे पाहत राहिल्या आणि मग पेंगायला लागल्या.

“तुमचं होतं ते?” बाहेर पडताना एका म्हातारीने बाईंचा हात धरून विचारलं. “मला वाटायचंच. पुरुषमाणसाला कुठलं माहीत असायला, हाक ऐकू येत नाही ते!”

बाईंनी मान हलवली. एरवी त्यांना हसू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओट्यापाशी कांदा चिरत होत्या. आत यंत्र पेत्राच्या सासूबद्दल वाचत होतं. ताप कुठल्या प्रकारचा असावा, त्या काळी त्यावर उपाय काय करत, मूळ शब्द काय. बराच वेळ चाललं. मग आवाज बंद झाला. सुरू झाला, पुन्हा बंद झाला. काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि टेबलाला ठेच लागल्याचा.

“अगं!”

हाक स्वच्छ ऐकू आली. नळ बंद होता, गॅसवर काही नव्हतं, भांडं वाजत नव्हतं. बाईंच्या हातातली सुरी थांबली. आत जायला पाय तयार होते, गेले कित्येक दिवस तयार होते. तरी त्या हलल्या नाहीत. श्वास धरून उभ्या राहिल्या.

आतून काहीच आवाज येईना. संपलं, असं वाटण्याइतका वेळ गेला.

“अगं, ऐकतेस का?” पाळकसाहेबांनी पुन्हा हाक मारली. रागावून नाही.

बाई हात न धुताच आत गेल्या. यंत्र जमिनीवर भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. खुर्ची मोकळी होती, आणि नेहमीच्या जागेपासून जरा भलतीकडेच सरकली होती, कारण ती पाळकसाहेबांनी चाचपडत ओढली होती. बाईंनी ती सरळ केली आणि बसल्या. पाळकसाहेबांनी गुडघा चोळला.

“सासूचं ऐकलं सगळं,” ते म्हणाले. “तापाचं पुष्कळ आहे त्यात. तिचं काहीच नाही.”

“मी आणू का आपला खंड?”

“त्यातही तेच असणार. भाष्यकार काय म्हणतात ते कळलं मला.” त्यांनी तोंड थोडं बाजूला वळवलं, कडेच्या नजरेने बाईंचा जेवढा भाग दिसेल तेवढा पाहायला. “तू काय म्हणतेस?”

बाईंनी तोंड उघडलं. इतकी वर्षं त्या पुस्तकाआडून कधी अडखळल्या नव्हत्या. आता हातात पुस्तक नव्हतं, कांद्याचा वास येणारे दोन हात तेवढे मांडीवर होते, आणि त्यांना काही म्हणजे काही सुचेना.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “विचार करू द्या.”

“कर की,” पाळकसाहेब म्हणाले, आणि वाट पाहत बसले.